ब मरण पावते

कायद्याच्या पुस्तकात माणसं नसतात; अ, ब आणि क असतात. अ घर विकतो, ब ते घेतो, आणि मध्येच कुठून तरी क उगवून म्हणतो की घर माझं आहे. वाचणाऱ्याला त्यांचं काही सोयरसुतक नसतं, आणि असायचं कारणही नाही. पण ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांनी उभा जन्म या तीन अक्षरांची उठबस केली. त्यांना दुकानं काढून दिली, वारस दिले, आजारपणं दिली. पुढे याच तिघांनी बाईंची झोप उडवली.

ऑफिसात पाठीमागे त्यांना व्याख्याबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. कायद्याची पुस्तकं छापणारी एक जुनी संस्था होती. कायदा आणि व्यापार यांतल्या शब्दांचा एक जाडजूड कोश ही संस्था काढायची, आणि त्याची प्रत्येक आवृत्ती बाईंच्या हाताखालून जायची. आधी शब्द, मग जुना अर्थ, मग आजचा अर्थ, मग उदाहरण. जामीन म्हणजे पूर्वी दुसऱ्यासाठी उभा राहणारा माणूस; आज लोक सुटकेलाच जामीन म्हणतात. फारकत म्हणजे पूर्वी हिशेब मिटल्याचा कागद. आज नवराबायकोचं फाटलं की फारकत. नवे शब्दही बाई नाक न मुरडता घ्यायच्या. फ्रँचायझी आली, आउटसोर्सिंग आलं, माणूस गेल्यावर त्याच्या ईमेलचा वारस कोण हा प्रश्न आला. बाईंनी सगळ्यांना नीट बसवून घेतलं.

व्याख्या त्या चटकन लिहायच्या. अडायचं ते उदाहरणापाशी. एखाद्या अक्षराला घर विकायला लावणं त्यांना जमेना. अक्षर घर का विकेल? त्याला गरज कसली? मग नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली आणि ती कोणाला सांगितली नाही. अ म्हणजे दादा, त्यांचा मोठा भाऊ. ब म्हणजे वहिनी. आणि क म्हणजे स्वतः बाई. कायद्यातला क हा नेहमी तिसरा असतो, बाजूला उभा. दादा-वहिनींच्या घरात लग्नाशिवाय राहिलेल्या बहिणीला ते अक्षर मापाने शिवल्यासारखं बसलं. तेव्हापासून त्यांच्या कोशात ब आणि क या बायकाच राहिल्या.

खरा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याने आयुष्यात धड एक सायकल विकली नव्हती. कोशात मात्र त्याने जहाजं भाड्याने घेतली, गिरण्या तारण ठेवल्या, भागीदारांना फसवलं आणि दिवाळंही वाजवलं. वहिनी घरातच शिलाई मशीनवर कपडे सैल-घट्ट करून द्यायच्या; कोशात त्या दादाच्या भागीदार, विमेदार, पालक, काय वाटेल ते होत्या.

पुढे दादाला हे सगळं कळलं, कारण मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, घरी यायची आणि ती वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. या कामाची एक रीत असते. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तोही विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या पानावर बोट ठेवून चुका धरायच्या. दादा दुकानातून आला, हातपाय धुतले, की खिडकीपाशी बसून सुरू व्हायचा. "अ मरण पावतो स्वल्पविराम त्याची पत्नी ब आणि बहीण क मागे राहतात पूर्णविराम." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "घ्या. पुन्हा मेलो. आयुष्य वाढलं."

मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं लोक म्हणतात. दादाने ते धरूनच ठेवलं होतं. एखाद्या पानावर त्याला मरण नसलं की तो विचारायचा, "काय गं छोटी, आज सोडलंस वाटतं मला?" वहिनी मशीनवरून हसायच्या. घर असं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

मग दादाच्या यकृतावर डाग निघाला. डॉक्टरांनी वहिनींना आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की फार वेळ नाही. दोघींनी मिळून ठरवलं की त्याला सांगायचं नाही. तो म्हणायचा, पित्त आहे, जाईल. या म्हणायच्या, हो, जाईल.

त्याच दिवसांत आवृत्तीचं काम टेबलावर होतं. मृत्युपत्र, वारस, आयुर्विमा, सगळीकडे दादा मरत होता. बाईंच्याने ते बघवेना. त्यांनी लाल पेन घेतलं आणि जिथे जिथे अ मरतो तिथे तिथे अ खोडून ड केलं. दादा आपला जिवंत, घरं घेतोय, विकतोय. मरायला ड. मुद्रितं आली आणि दादा नेहमीसारखा वाचायला बसला. "ड मरण पावतो," त्याने वाचलं आणि थांबला.

"हा ड कोण गं?"

"असाच. नवा आहे."

"बरं," दादा म्हणाला आणि पुढे वाचायला लागला. त्या दिवशी त्याने चष्मा कपाळावर सरकवला नाही, आणि आयुष्य वाढल्याचंही काही बोलला नाही. कोश छापून यायच्या आतच तो गेला.

बाई शिकल्यासवरलेल्या होत्या. बोलाफुलाला गाठ कशी पडते हे त्यांना कळत होतं. तरी मनात एक गोष्ट घट्ट बसली ती बसलीच: इतकी वर्षं त्याला मारत होते, तो जगत होता, एकदा हात आखडता घेतला आणि तो गेला. हे कोणाला सांगणार? वकीलसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी सुट्टी घ्यायला सांगितलं असतं. वकीलसाहेब म्हणजे कोशाचे संपादक. वकिली सोडून या कामात आलेले, चांगले पण कोरडे.

आणि मग दादाचा आवाज यायला लागला.

तो कधी काही सांगायचा नाही, हाक मारायचा नाही. नुसती विरामचिन्हं म्हणायचा. वकीलसाहेब फोनवर म्हणायचे, "बाई, ते परिशिष्ट..." आणि श्वास घ्यायला थांबायचे, तेवढ्यात बाईंच्या कानाशी कोणीतरी म्हणायचं, स्वल्पविराम. बसमधली एखादी आई मुलाला रागवताना मध्येच गप्प झाली की अर्धविराम. भर दुपारी, ऑफिसात पंखा फिरत असताना, समोर चार माणसं असताना. घरात तर जास्तच. वहिनी "भाजीला मीठ" एवढं बोलून झाकण उचलायला वळल्या की बाई पुढच्या शब्दाची नाही, त्या आवाजाची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि तो यायचा. सुरुवातीला त्यांच्या अंगावर काटा यायचा. नंतर आवाज आला नाही तर काटा यायला लागला.

भूतबित त्या मानत नसत. पण कोश त्यांच्या हाडीमाशी खिळला होता, त्यामुळे त्यांनी या गोष्टीलाही व्याख्येत बसवून पाहिलं. वहिवाट: दीर्घकाळ, उघडपणे आणि कोणी न अडवता केलेला वापर, त्यातून पुढे हक्क तयार होतो. दादा उघडपणे येत होता. बाईंनी त्याला कधी अडवलं नव्हतं. मग त्याचा हक्क तयार झाला, यात चूक कोणाची?

वाचून दाखवायला आता वहिनी बसायच्या. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा मुद्रितं आली तेव्हा बाई त्या गठ्ठ्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या. वहिनींनी मशीनवर कापड टाकलं, खिडकीपाशी येऊन बसल्या आणि वाचायला लागल्या, कंस सुरू, कंस बंद, सगळं अगदी बिनचूक. इतकी वर्षं कानावर पडून आलं असेल, असं बाईंना वाटलं. पण ते ऐकणं सोपं नव्हतं. वहिनी म्हणायच्या स्वल्पविराम, आणि त्यांच्या मागोमाग, जरा खालच्या पट्टीत, तोच शब्द पुन्हा यायचा.

असे दिवस जात असताना वहिनींना जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करावं लागेल, वय पाहता सोपं नाही, पण न करणं त्याहून वाईट, असं डॉक्टर म्हणाले. तारीख ठरली. आणि नेमकी तेव्हाच कोशाची नवी आवृत्ती पुन्हा टेबलावर आली.

या वेळी चूक करायची नाही, असं बाईंनी मनाशी ठरवलं. त्यांनी ब ला मारायला सुरुवात केली.

आधी रीतसर. मृत्युपत्रात ब मरण पावते. आयुर्विम्यात ब मरण पावते. भागीदारीत ब मरते आणि भागीदारी संपते. मुखत्यारपत्रात ब मरते आणि मुखत्यारी संपते. इथपर्यंत कोणी बोट ठेवलं नसतं. पण बाईंना तेवढ्यावर धीर निघेना. एका मरणाने किती आयुष्य वाढतं, हे कुठे लिहिलं आहे? मग ब फ्रँचायझीत आइस्क्रीमची दुकानं काढून मेली. ट्रेडमार्कच्या नोंदणीचा अर्ज देता देता मेली. लिलावात बोली लावून मेली. आयुष्यात कधी ईमेल न उघडलेल्या वहिनी ईमेलचा वारस ठरवून मेल्या. प्रत्येक मरण लिहिलं की बाईंना घटकाभर हलकं वाटायचं, आणि पान उलटलं की पुन्हा छाती धडधडायची.

वकीलसाहेबांनी एक दिवस त्यांना समोर बसवलं. "बाई, मृत्युपत्रात मरण लागतं, मान्य. मालवाहतुकीत कशाला?"

"उदाहरण स्पष्ट होतं."

"आणि दर वेळी ब च? अ तर कुठे दिसतच नाही."

बाईंनी टेबलावरची पानं एकावर एक रचली. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "ही मरणं काढा. वाचणारा घाबरेल. कायद्याचा कोश आहे, साथीच्या रोगाचा नाही."

"ऑपरेशननंतर काढते," बाई म्हणाल्या.

"कसलं ऑपरेशन?"

"घरी आहे एक," असं म्हणून त्या उठल्या. वकीलसाहेबांच्या डोक्यात काही शिरलं नाही, पण त्यांनी घाई केली नाही.

या पानांची सावलीसुद्धा वहिनींवर पडू द्यायची नाही, ही बाईंची दुसरी धडपड. "यंदा ऑफिसातच वाचून घेणार आहेत," असं त्यांनी घरी ठोकून दिलं. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि "असं का," एवढंच म्हटलं. पण छापखान्याच्या माणसाला घरचा पत्ता पाठ होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई दवाखान्यात कागदपत्रं द्यायला गेल्या होत्या, आणि तो नेहमीच्या सवयीने गठ्ठा वहिनींच्या हातात देऊन गेला.

बाई दुपारी घरी आल्या तेव्हा वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पानं. मशीन झाकून ठेवलेलं.

"बस," वहिनी म्हणाल्या. मग वाचायला लागल्या, अगदी शांतपणे, कामाला बसल्यासारख्या. "संयुक्त मालकी अपूर्णविराम ब आणि क एका घराच्या मालक आहेत पूर्णविराम. ब मरण पावते पूर्णविराम. घर क कडे जाते पूर्णविराम." त्यांनी पान खाली ठेवलं. "ब कोण ते मला माहीत नाही असं वाटलं तुला? यांनी मला केव्हाच सांगितलं होतं."

"वहिनी, तसं नाही."

"घर हवं असेल तर तसं सांग. मी काही ते डोक्यावर घेऊन जाणार नाही. पण उद्या मी टेबलावर पडणार आहे, छोटी. माझ्या घरात बसून कोणी माझ्या मरणाची एवढी तयारी करत असेल, तर आज मला ते कळायला हवं होतं का?"

बाईंनी आजवर ज्या कोणाला काही समजावलं ते जुना अर्थ, आजचा अर्थ, या क्रमाने. आता त्यांना क्रम सापडेना. त्या उलटसुलट बोलत सुटल्या. दादाची थट्टा, आयुष्य वाढणं, डाग, ड, आणि आता झडप. "मी त्याला वाचवायला गेले," त्या म्हणाल्या. "मारायचं थांबवलं, आणि तो गेला. तुमच्या बाबतीत मला ती चूक करायची नव्हती. वेडेपणा आहे, मला कळतंय. पण हात थांबत नाही माझा."

वहिनींच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, आणि त्या जागी जे आलं ते बाईंना जास्त जड गेलं.

"एक सांगते," वहिनी म्हणाल्या. "तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तो ड आला त्या दिवशी तू पानं घेऊन आत गेलीस, आणि हे मला म्हणाले, छोटीला कळलंय. मी म्हटलं, काय कळलंय? तर म्हणाले, आज तिने मला मारलं नाही. म्हणजे मी मरतोय."

बाईंनी तोंडावर हात घेतला. डॉक्टर बोलले नव्हते, वहिनी बोलल्या नव्हत्या, दोघींनी जिवापाड लपवलं होतं. आणि दादाला ते सांगितलं होतं बाईंच्या लाल पेनाने.

"म्हणजे मीच सांगितलं त्याला."

"तूच सांगितलंस." वहिनींनी ते मऊ केलं नाही. "रडले ते. माझ्यासमोर एकदाच रडले. दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला गेलीस आणि मला म्हणाले, मशीन थांबव, इकडे ये. मला हे वाचायला शिकवलं. रोज. बसवत नसायचं, तरी उशी लावून बसायचे. स्वल्पविरामाला कुठे आवाज खाली घ्यायचा, कंस कसा उघडायचा. मी कंटाळायचे. हे म्हणायचे, छोटीला वाचून दाखवणारं कोणीतरी लागेल. कळलं नसतं त्यांना, तर शेवटपर्यंत पित्ताच्या गोळ्या खात बसले असते."

खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी दार ओढून बंद केलं. बाईंचे कान सवयीने दादाच्या आवाजाकडे लागले होते, आणि तो आला. पण आज त्यांना पहिल्यांदाच कळलं की तो शिकवताना येतो तसा येत होता, सावकाश, दुसऱ्याने मागून म्हणावं म्हणून. त्या ओक्साबोक्शी रडल्या. वहिनींनी त्यांना रडू दिलं.

मग वहिनींनी पानं उचलली. "पेन घे."

"आत्ता?"

"उद्या मी नाही वाचायला. मालवाहतुकीतलं मरण काढ."

बाई जागच्या हलल्या नाहीत. ही मरणं खोडायची म्हणजे पुन्हा तेच करायचं होतं, ज्याने दादाला कळलं. ठेवायची म्हटली तर संपादक ठेवू देणार नव्हते. आणि समोर बसलेल्या वहिनी आता दोन्हीचा अर्थ जाणत होत्या.

"काढलं तर तुम्हाला वाटेल की..."

"वाटू दे. काढ."

वहिनी वाचत गेल्या आणि बाई खोडत गेल्या. लिलावातली ब उठून बसली. आइस्क्रीमची दुकानं पुन्हा उघडली. भागीदारीपाशी वहिनी म्हणाल्या, "इथे राहू दे, इथे लागतंय ना ते," आणि आपलंच मरण विरामचिन्हांसकट वाचून पुढे गेल्या. एका उदाहरणात ब चं वय चुकलं होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं. शेवटी शब्द आला, उत्तरजीवी. जुना अर्थ, मागे राहिलेला. आजचा अर्थ, एकाच हक्काच्या धारकांपैकी दुसऱ्याच्या मृत्यूनंतर हयात असलेला.

"उदाहरण अपूर्णविराम," वहिनींनी वाचलं. "ब मरण पावते पूर्णविराम. क ही उत्तरजीवी आहे पूर्णविराम." त्या थांबल्या. "हे खोडता येणार नाही."

"नाही. इथे कोणीतरी जावंच लागतं."

"मग क चं पुढे काय?"

"काय म्हणजे?"

"ब गेली. घर क ला मिळालं. एवढी पानं वाचली मी, तू प्रत्येक वेळी तिला घर देतेस, पेढी देतेस आणि तिथेच सोडून देतेस. ती करते काय पुढे?"

"ते व्याख्येत येत नाही, वहिनी."

"मी व्याख्या विचारत नाहीये."

बाई पानाकडे बघत राहिल्या. इतक्या आवृत्त्या झाल्या, क कधी मेली नव्हती, कधी आजारी पडली नव्हती, तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"ती एकटी राहते," त्या म्हणाल्या. "तिला भीती वाटते."

"लिही तसं."

"संपादक काढून टाकतील."

"त्यांचं ते बघतील. तू लिही."

बाईंनी समासात लिहायला घेतलं. पेन टेकलं तसा कागद टेबलावरून सरकायला लागला, तेव्हा वहिनींनी वाकून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.